नळ गाडला, पण राखणार कोण?



ऊस विकास खात्याकडून या पानावर नेहमी बेणे, खते, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा अशा विषयांवर चार शब्द असतात. या वेळी मी उसावर लिहिणार नाही. उसाच्या फडाखालून जाणाऱ्या नळावर लिहिणार आहे. कोणी म्हणेल, साहेबांना आता पाणीपुरवठा खात्यात बदली पाहिजे की काय? तसे काही नाही. एक जुनी चूक मनाला लागून राहिली आहे. ती आधी कबूल करतो आणि मग मुद्द्याकडे येतो.

चार-पाच वर्षांमागचा मे महिना. आपल्या गटातल्या एका गावी खोल मशागतीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. जमीन भारी काळी, वर्षानुवर्षे ट्रॅक्टर फिरून खाली टणक थर बसलेला. तो थर फुटल्याशिवाय उसाची मुळी खाली जात नाही, हे मीच गावोगावच्या मेळाव्यांत सांगत आलो आहे. म्हणून सबसॉयलर आणला. पंचवीस-तीस शेतकरी बांधावर उभे होते. दाते दीड-दोन फूट खाली चालले होते, ढेकळे निघत होती, आणि मी मोठ्या उत्साहाने माहिती देत होतो. मध्येच ट्रॅक्टरला एक हिसका बसला. ड्रायव्हर म्हणाला, "दगड असंल." मीही म्हटले, असेल. कार्यक्रम झाला, चहा झाला, सारे पांगले.

तो दगड नव्हता. पलीकडच्या गावांना जाणारा पिण्याच्या पाण्याचा नळ होता. त्या वेळी नळाला पाणी सोडलेले नव्हते, म्हणून वर काही दिसले नाही. रात्री पाणी सोडले तेव्हा सारे पाणी त्या वावरात उमळले. सकाळी खालच्या दोन गावांत नळ कोरडे. फुटले कोठे हे सापडायला एक दिवस गेला, त्या मापाचा जोड मिळायला दोन दिवस गेले, ओल्या काळ्या मातीत खड्डा खणायला आणखी एक. पाचव्या दिवशी पाणी गेले, तेही गढूळ. तेवढे दिवस त्या गावांनी हातपंपाचे खारे पाणी प्यायले. मी माफी मागायला गेलो तेव्हा ओट्यावर बसलेली एक म्हातारी बाई एवढेच बोलली, "तुमचा ऊस पिकंल साहेब, पर आमचा घसा वाळला नं."

त्या शेतकऱ्याचा दोष नव्हता, ड्रायव्हरचाही नव्हता. जमिनीखाली काय आहे हे मी विचारले नाही. बांधावर उभ्या असलेल्या दोघा-तिघांना त्या नळाची माहिती होती, असे मागाहून कळले. त्यांनीही सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. झाले ते एवढ्यामुळे झाले.

एक तालुका, दोन पाणी

आपल्या संग्रामपूर तालुक्याची गंमत अशी, की पाण्याच्या बाबतीत हा एक तालुका नाही, दोन आहेत. वरच्या अंगाला सातपुडा. सोनाळा, टुनकी या बाजूला पायथ्याची जमीन, विहिरीला आणि बोअरला गोड पाणी. तिथे बागा आहेत, पाण्यावरची पिके आहेत, आणि आपले बरेचसे ऊस क्षेत्रही त्याच बाजूला. जसजसे दक्षिणेला पूर्णेकडे उतरावे तसतसा खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलेला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर फार तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यात या वरच्या मर्यादेपलीकडचे पाणी पिऊन पिढ्या गेल्या. या भागात मूत्रपिंडाच्या रोग्यांची किती घरे आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. क्षार हेच त्याचे एकमेव कारण असे डॉक्टरलोक सरसकट म्हणत नाहीत. पण गोड पाणी मिळावे, हा उपाय मात्र सगळेच सांगतात.

म्हणूनच जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आली. वान धरण, म्हणजे आपले वारी भैरवगडचे हनुमान सागर, तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत आहे. पाणी तिथून निघते आणि नळातून मैलोन् मैल खाली येते. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पाणी आहे वर, तहान आहे खाली आणि मध्ये आहेत आपली वावरे. ज्याच्या विहिरीला गोड पाणी आहे त्याच्या शेताखालून, ज्याला गोड पाणी नाही त्याचा नळ जातो. ज्याला गरज नाही त्याच्या हाती राखण आणि ज्याला गरज आहे तो कोसभर दूर, अशी ही रचना आहे. माझ्या हातून जे घडले ते याचमुळे घडले, आणि उद्या तुमच्या हातून घडू शकते तेही याचमुळे.

नळ आणायला पैसा आहे, राखायला?

पाण्याच्या योजनांना पैसा कोठून येतो, हे सभासदांनी एकदा नीट समजून घ्यावे. १९७६ च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन झाले. १९९७ पासून त्यालाच महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणतात. मोठ्या योजना तेच उभारत आले. २००३ नंतर जलस्वराज्य प्रकल्पाने एक नवी गोष्ट आणली. गावाने खर्चाचा दहावा हिस्सा आधी स्वतः भरायचा आणि मग योजना गावाने चालवायची. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. त्यात घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असे उद्दिष्ट ठेवले. आपल्या राज्यात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चात दहा टक्के लोकवर्गणी, आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तिथे पाच टक्के, असा त्याचा नियम आहे. २०२४ पर्यंत हे काम पुरे व्हायचे होते. ते झाले नाही, म्हणून २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढविल्याचे जाहीर झाले.

याशिवाय वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी १५ व्या वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बांधून दिली होती. निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. आपल्या राज्यात या अनुदानाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला मिळत होता. तेव्हा पैसा आलाच नाही असे कोणी म्हणू नये.

पण यातला बहुतेक मोठा पैसा नळ टाकण्यासाठी आहे, टाकलेला नळ राखण्यासाठी नाही. टाकी बांधली की फीत कापतात, फोटो निघतो. पुढे पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, ब्लीचिंग पावडर, फुटतूट हा सारा खर्च पाणीपट्टीतून भागवायचा असतो. पाणीपट्टी मात्र निम्म्या घरांची थकलेली. बिल थकले की वीज तुटते, वीज तुटली की पंप बंद, पंप बंद झाला की लोक म्हणतात, पाणीच येत नाही तर पट्टी कशाची? हे चक्र तुम्हाला ठाऊक आहे.

आपण ऊसवाले हे चक्र दुसऱ्या ठिकाणीही पाहिले आहे. सहकारी उपसा सिंचन संस्था कितीतरी निघाल्या. ज्या टिकल्या त्या पाइप चांगला होता म्हणून टिकल्या नाहीत. दर हंगामाला आकारणी वेळेवर वसूल झाली आणि दुरुस्तीचा पैसा वेगळा राखला, म्हणून टिकल्या. ज्या बुडाल्या त्यांचेही पाइप सुरुवातीला नवेच होते. गाय घेणे सोपे, वैरण घालणे रोजचे.

नळ फुटतो कसा

आता मशागतीच्या अंगाने बोलतो, कारण हा माझा विषय आहे. नळ चार कारणांनी फुटतो.

पहिले कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मेमध्ये पडलेल्या भेगांत आपण हात घालतो तर कोपरापर्यंत जातो. वर्षातून एकदा जमीन अशी ताणली आणि दाबली गेली की नळाचे जोड सैल होतात. म्हणून काळ्या जमिनीत नळाखाली आणि नळाभोवती वाळू किंवा मुरूम भरावा लागतो. तो भरला की नाही, हे चर उघडा आहे तोवरच दिसते. एकदा माती लोटली की कोणाला काही दिसत नाही.

दुसरे कारण खोली. नळाच्या डोक्यावर तीन-एक फूट माती असावी असा चांगला रिवाज आहे. पण चर खणताना खाली कठीण लागले की ठेकेदाराची माणसे तिथल्या तिथे आटोपतात. आपल्या स्वतःच्या पाइपलाइनींचेही तेच. दुसऱ्याच्या शेतातून पाण्याचा पाइप न्यायचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या ४९ व्या कलमाखाली तहसीलदाराची परवानगी मिळते, आणि असा पाइप निदान अर्धा मीटर खोल असावा अशी त्यात अट आहे. अर्धा मीटर म्हणजे वीस इंच. हा कायदा झाला तेव्हा नांगराचा फाळ आठ-दहा इंच जात होता, म्हणून ते पुरेसे होते. आज सबसॉयलरचा दाता १८ ते २४ इंच जातो. म्हणजे कायद्याप्रमाणे बरोबर घातलेला पाइपसुद्धा आमच्या शिफारशीच्या मशागतीत सापडतो. ही गोष्ट आम्ही शेती खात्याच्या लोकांनी आधीच सांगायला हवी होती.

तिसरे कारण जेसीबी. शेततळे, बांध, रस्ता, कोणाच्या घराचा पाया, आता जिकडे तिकडे जेसीबी. पूर्वी कुदळीने खणणाऱ्या माणसाला नळ लागला की आवाजावरून कळत असे. जेसीबीच्या बकेटला कळत नाही. हा प्रश्न आपल्या एकट्या तालुक्याचा नाही. असे न विचारता खणल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी टेलिफोनच्या ऑप्टिकल फायबर केबल तुटतात आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. म्हणून २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाइल ॲप काढले. खणण्यापूर्वी जागा कळवायची, मग तिथे ज्याची केबल किंवा नळ असेल त्याला निरोप जातो. चांगली सोय आहे. पण गावच्या नळाची नोंदच कोठे नसेल तर निरोप जाणार कोणाला? ग्रामपंचायतीच्या कपाटात जुना नकाशा असलाच तर त्याला वाळवी लागलेली असते. खरा नकाशा पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला की नकाशाही गेला.

चौथे कारण बोलायला कडू आहे, पण बोलतो. काही ठिकाणी आपणच नळ फोडतो. हवा सुटण्यासाठी बसवलेला एअर व्हॉल्व्ह ढिला करून गुरांना पाणी पाजायचे, कोणी रात्री त्याला पाइप लावून पीक भिजवायचे. करणाऱ्याला वाटते, एवढ्याने काय होते? हिशेब करून पाहू. दर दहा सेकंदांना एक लिटर गळती म्हणजे मिनिटाला सहा लिटर, तासाला ३६०. नळाला रोज चार तास पाणी असेल तर १,४४० लिटर. माणशी ५५ लिटरप्रमाणे २६ माणसांचे दिवसाचे पाणी झाले. एका व्हॉल्व्हवर पाच-सहा घरे कोरडी. पाणीपुरवठ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस केली तर १९८४ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्याने सहा महिने ते पाच वर्षे सक्तमजुरी आहे. पण पोलिसांचा धाक दाखवून नळ राखला जाईल असे मला वाटत नाही. गावाला लाज वाटली तर राखला जाईल.

आणि गटाराचे काय?

नळाच्या गोष्टीला गटार जोडलेले आहे. घरात पाणी आले की त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडते. मंडळाच्या नावात १९७६ पासून 'जलनिःसारण' हा शब्द होता, पण खेड्यांच्या वाट्याला उघडी नालीच आली. संग्रामपूर आता नगरपंचायत आहे. पण केंद्राच्या अमृत २.० योजनेत पाणी सर्व शहरांना आणि भुयारी गटार ठरावीक ५०० शहरांना असा भेद आहे. लहान गावांना सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत मिशनकडे पाहावे लागते. त्या मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या खेड्याला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या खेड्याला माणशी ६६० रुपयांपर्यंत मदत ठरली. त्यात शोषखड्डे होतात. पण भारी काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो. तिथे पाणी गावाबाहेर नेऊन झाडाझुडपांना देणे बरे.

नळ आणि गटार यांचा संबंध येतो तो असा. घराचा नळ नालीतूनच आडवा नेलेला असतो. पाणी सोडलेले असते तेव्हा नळाला दाब असतो, फुटके असले तर पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो आणि त्याच फुटीतून नालीचे पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी पहिली घागर कोणाची भरते, आणि तिच्यात काय असते, याचा विचार करा. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ते यंत्रमागाचे, पैसेवाले शहर. गळक्या नळांत सांडपाणी मिसळले होते. माणसे दगावली. म्हणून नळ गटाराच्या वर आणि गटारापासून दूर असावा, आणि फूट लहान आहे म्हणून ती राहू देऊ नये.

आपल्या पाळीवरही याचा परिणाम

आता कोणी म्हणेल, हे सारे पुण्याचे काम झाले, यात ऊस उत्पादकाचा काय फायदा? फायदाही सांगतो.

वान धरणाचा साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. त्यातूनच शेतीची पाळी निघते आणि त्यातूनच पिण्याचे पाणी जाते. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. वानचे पाणी अकोला शहरासाठी राखून ठेवण्याच्या प्रस्तावावर तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांनी किती आंदोलन केले, ते आपण पाहिले. शहर असो की खेडे, नळ गळत असला की ते जास्त पाणी मागणार. मागितले की द्यावे लागणार. ते येणार कोठून? आपल्या कालव्याच्या पाळीतून. म्हणजे रस्त्याकडेला उगाच वाहणारा नळ पाहून आपण पुढे जातो तेव्हा मार्च-एप्रिलमधली आपलीच एक पाळी कमी होत असते. कराडजवळच्या मलकापूरने (आपल्या जिल्ह्यातले नव्हे, सातारा जिल्ह्यातले) गळके नळ बदलले, घरोघर मीटर बसवले, जास्त वापराला चढती पट्टी लावली आणि चोवीस तास पाणी दिले. नळ गळका नसला आणि मापून दिले, तर आहे त्या पाण्यात भागते, हे त्या गावाने दाखवले.

काय करता येईल

मी अधिकारी आहे, ठराव करणारा नाही. पण वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांनी पुढील पाच गोष्टींचा विचार करावा असे सुचवतो.

१. ऊस नोंदीत एक रकाना वाढवावा. आपला शेतकी मदतनीस लागणीची नोंद घ्यायला प्रत्येक फडावर जातोच. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख लिहितो. तिथेच 'जमिनीखाली नळ किंवा केबल आहे काय? कोणत्या बाजूने?' एवढे विचारावे. दोन हंगामांत साऱ्या कार्यक्षेत्राची नोंद फुकटात तयार होईल. तिची एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक जीवन प्राधिकरणाला द्यावी.

२. नळ जिथे बांध ओलांडतो तिथे दोन्ही बाजूंना खुणेचे दगड रोवावेत. निळा रंग द्यावा. दगड शेताच्या मध्ये नको, बांधावर हवा, म्हणजे मशागतीला अडचण नाही.

३. कारखान्यामार्फत जाणारा सबसॉयलर, ट्रेंचर किंवा जेसीबी ही नोंद पाहिल्याशिवाय फडात उतरू नये. माझ्या खात्यापुरता हा नियम मी त्या मे महिन्यापासूनच पाळतो आहे. नळाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा फूट खोल मशागत करू नये. तेवढ्या पट्ट्यात साधा नांगर पुरतो. उत्पन्नात फार फरक पडत नाही.

४. फुटले तर लगेच सांगावे. आज लोक लपवतात, कारण भरपाईची भीती. चुकून फुटले आणि त्याच दिवशी कळवले, तर त्या शेतकऱ्यावर खर्च बसू नये. नेहमी लागणाऱ्या मापांचे जोड गट ऑफिसात ठेवावेत. आमच्या वेळी फक्त जोड मिळायला दोन दिवस गेले होते.

५. यासाठी दुरुस्ती निधी हवा. टनाला दोन रुपये, तेही ज्या सभासदाने लेखी संमती दिली त्याच्याच बिलातून.

या पाचव्या सूचनेवर कपाळाला आठ्या पडतील, मला माहीत आहे. कपात हा शब्दच आपल्याकडे बदनाम झाला आहे, आणि तो उगाच झालेला नाही. म्हणून हिशेब मांडतो. पाच एकर ऊस, एकरी ४० टन धरले तर २०० टन. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती. म्हणजे त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी, ७ लाख १० हजार रुपये. त्यातून निधीला जातात ४०० रुपये. एका लाख टनाला दोन लाख जमतात. यातून नवी योजना होणार नाही, होऊही नये, ते सरकारचे काम आहे. पण जोड, व्हॉल्व्ह, खुणेचे दगड आणि चार मजुरांची हजेरी यातून नक्की भागते. दोन लाखांसाठी पाच दिवस तहानलेले राहायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप, हा पैसा कारखान्याच्या खर्चात मुरेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून खाते वेगळे असावे, सह्या गावच्या प्रतिनिधींच्या असाव्यात, आणि पै-पैचा जमाखर्च याच पत्रिकेत छापावा. ज्या वर्षी छापणार नाही त्या वर्षी संमती काढून घ्यावी.

तिसरा आक्षेप मला एका जुन्या सभासदाने घातला. म्हणाला, "साहेब, माह्या वावरातून नळ नेला, मले इचारलं बी नाही, एक पैसा देल्ला नाही, आता राखण बी म्याच करू?" त्याचे खरे आहे. पिकाची नासाडी झाली असेल तर भरपाई मागायचा त्याला हक्क आहे, आणि तसा अर्ज लिहून द्यायला आमचे गट ऑफिस मदत करील. पण सरकारने चूक केली म्हणून खालच्या गावच्या पोराने खारे पाणी प्यावे, हा त्यावरचा तोडगा नव्हे. आज त्या सभासदाच्या विहिरीला गोड पाणी आहे. पाऊस दोन वर्षे दगा देईल तेव्हा त्यालाही हाच नळ लागणार आहे.

बंधूंनो, आपला कारखाना उभा राहिला तो एकेकाच्या शेअरच्या पैशातून. एकट्याचे ते काम नव्हते. गाव करी ते राव न करी, असे म्हातारी माणसे सांगून गेली. नळ सरकारने गाडला, तो गाडलेलाच राहणार. त्याच्यावरून रोज नांगर घेऊन जाणारे आपण आहोत, सरकार नाही. तेव्हा राखणदार कोण, हे वेगळे सांगायला नको.

त्या म्हातारीच्या गावी मी नंतरही दोन-तीनदा गेलो. नळाला पाणी येते. तिने मला तांब्याभर पाणी दिले. ते वानचे होते, गोड होते. पिताना मात्र मला त्या ट्रॅक्टरचा हिसका आठवला.

येत्या लागणीच्या नोंदीला आमचा माणूस तुमच्या फडावर येईल. त्याने विचारायचे विसरले तरी तुम्ही आपण होऊन सांगा, "इथून नळ जातो बरं का." एवढे पुरे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
संग्रामपूर गट